जव्हारचा राजशक

राज्यारोहणाला 25, 50 किंवा 60 वर्षे झाली की जगभर रौप्य, सुवर्ण वा हीरक महोत्सव होतात. डहाणू-तलासरीच्या शेजारच्या जव्हार संस्थानात मात्र कालगणनाच राजघराण्याच्या एका दिवसाशी जोडलेली होती. महादेव कोळी समाजातील जयबा मुकणे यांनी स्थापलेल्या या राज्याला, त्यांचे पुत्र नीमशहा यांच्या काळात, दिल्लीच्या महंमद तुघलकाने मान्यता दिली, 22 किल्ल्यांचा प्रदेश त्यांच्याकडे कायम केला आणि ‘शहा’ हा किताब बहाल केला. ती तारीख, 5 जून 1343, नव्या शकाचा, म्हणजे स्वतंत्र वर्षगणनेचा, आरंभ ठरली आणि पाचशेहून अधिक वर्षांनंतरही संस्थानच्या कागदपत्रांत तो शक लिहिला जात होता. एका आदिवासी राजघराण्याने इतका दीर्घकाळ जपलेली ही स्मृती महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात अधिक ठळक जागेस निश्चितच पात्र आहे.

एकाच राजाच्या कारकिर्दीचा विचार केल्यास चौथे पतंगशहा यांची 1865 ते 1905 ही चार दशकांची राजवट लक्षणीय ठरते. 1943 मध्ये राजशकाला 600 वर्षे पूर्ण झाली, आणि दोनच वर्षांनी, मे 1945 मध्ये, तलासरीजवळच्या झरी येथे वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध, म्हणजे सक्तीच्या विनामोबदला श्रमाविरुद्ध, लढ्याचा निर्धार केला. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे 1967 मध्ये डहाणू मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले.