निरीक्षण दूरदर्शक

वन्य पशुपक्ष्यांचे दुरून निरीक्षण करण्यासाठी वापरण्यात येणारा, एका डोळ्याने पाहावयाचा व तिवईवर बसविलेला लहान दूरदर्शक. व्यवहारात त्यास ‘स्पॉटिंग स्कोप’ म्हणतात. द्विनेत्री दुर्बिणीचे विशालन सामान्यतः ८ ते १० पट असते, तर निरीक्षण दूरदर्शकाचे २० ते ६० पट असते. त्याच्या वस्तुभिंगाचा व्यास बहुधा ५० ते १०० मिमी. असतो. खाडीतील चिखलपट्टे, जलाशयांचे काठ व माळराने अशा उघड्या प्रदेशांत तो उपयोगी पडतो. दाट जंगलात प्राणी जवळून व क्षणभरच दिसतो. तेथे द्विनेत्री दुर्बीणच सोयीची.

केप्लर यांनी १६११ मध्ये सुचविलेल्या, दोन बहिर्गोल भिंगांच्या दूरदर्शकात प्रतिमा उलटी दिसते. ताऱ्यांच्या बाबतीत हे चालते, पक्ष्यांच्या बाबतीत चालत नाही. म्हणून वस्तुभिंग व नेत्रिका यांच्या दरम्यान लोलक बसवून पूर्ण अंतर्गत परावर्तनाने प्रतिमा सुलटी करतात. अशा लोलकयोजनेचे एकस्व इग्नात्स्यो पोरो या इटालियन तंत्रज्ञांनी १८५४ मध्ये घेतले.

या उपकरणाचे खरे महत्त्व अंतर राखण्यात आहे. ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी रोहित पक्ष्यांचे थवे काठापासून पुष्कळ दूर चरत असतात व त्यांत मोठा रोहित आणि लहान रोहित या दोन्ही जाती आढळतात. मोठ्याची चोच गुलाबी व टोकाशी काळी, तर लहानाची गडद तांबडी असते. हा फरक दिसला नाही, तर गणनेतील जातवार आकड्यांना अर्थ राहत नाही. तो पाहण्यासाठी होडी जवळ नेली, तर थवा उडून जातो. चिखल्या, तुतारी, टिलवा यांसारख्या स्थलांतरी पक्ष्यांना परतीच्या प्रवासापूर्वी शरीरात मेद साठवावा लागतो. चिखल उघडा असतो तेवढ्याच वेळात त्यांना मुख्यतः अन्न मिळते. प्रत्येक वेळी उडावे लागल्याने तो वेळ व साठविलेली ऊर्जा दोन्ही खर्ची पडतात.

निवड : खरेदी करणाराचे लक्ष प्रथम विशालनाच्या आकड्याकडे जाते आणि तेथेच बहुधा फसगत होते. ‘२०–६० × ८०’ या खुणेतील पहिले दोन आकडे विशालनाची मर्यादा व शेवटचा आकडा वस्तुभिंगाचा व्यास मिमी. मध्ये दर्शवितो. निरोगी डोळ्यास सुमारे १ मिनिट कोनाइतका तपशील वेगळा दिसतो, १ किमी. अंतरावर हे माप सुमारे २९ सेंमी. भरते. १० पट विशालनाने ते ३ सेंमी. व ३० पट विशालनाने १ सेंमी. होते. परंतु प्रकाशाच्या विवर्तनामुळे भिंगालाही स्वतःची मर्यादा असते. ८० मिमी. व्यासाचे उत्तम भिंग १ किमी. वरील सुमारे ७ मिमी. पेक्षा सूक्ष्म तपशील दाखवू शकत नाही आणि तेवढा तपशील ४० पटीलाच डोळ्याला दिसू लागतो. पुढे प्रतिमा मोठी होते, माहिती वाढत नाही. ५० मिमी. भिंगाची ही सीमा २५ पटींच्या आसपासच येते. त्यावर ६० पटींची नेत्रिका बसविणे ही केवळ जाहिरातीची सोय होय.

विशालन वाढविल्याने प्रतिमा अंधूकही होते. वस्तुभिंगाच्या व्यासास विशालनाने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ८० मिमी. भिंगासाठी तो २० पटीला ४ मिमी., तर ६० पटीला केवळ १.३ मिमी. असतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली २ ते ३ मिमी. पर्यंत आकुंचित झालेली असल्याने हा फरक कमी जाणवतो. पहाटे व सांजवेळी, म्हणजे पशुपक्षी सर्वाधिक हालचाल करतात तेव्हा, प्रतिमेची दीप्ती नऊ पटींनी घटते. दृष्टिक्षेत्रही आक्रसते व थव्यातील पक्षी सापडणे कठीण जाते.

हवेची अडचण तर कोणत्याही भिंगाने दूर होत नाही. ऊन चढल्यावर चिखल व माळ तापतात, वर जाणाऱ्या उष्ण हवेत प्रतिमा लहरू लागते आणि २० ते ३० पटींपलीकडचे विशालन निरुपयोगी ठरते. हिवाळ्यातील सकाळ त्यामुळेच सर्वांत सोयीची.

काचेचा दर्जा मात्र पैसे मोजण्याजोगा आहे. साध्या भिंगात वर्णविपथनामुळे पांढऱ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी वा हिरवी झालर दिसते. अल्प अपस्करणाच्या काचेने ती बरीच कमी होते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो, म्हणून सर्व पृष्ठभागांवर प्रतिपरावर्तक लेप असावा. चष्मा वापरणाऱ्याने डोळा नेत्रिकेपासून १५ ते १८ मिमी. दूर ठेवूनही संपूर्ण क्षेत्र दिसते की नाही, हे पाहून घ्यावे. ४५ अंशांत वळलेली नेत्रिका उंच झाडावर पाहण्यास व निरनिराळ्या उंचीच्या व्यक्तींना पाळीपाळीने पाहण्यास बरी. लपणगृहातून किंवा मोटारीतून पाहताना सरळ नेत्रिका सोपी जाते.

तिवईकडे सहसा दुर्लक्ष होते. दूरदर्शकाचा कंपही तितक्याच पटींनी वाढून दिसत असल्याने हलक्या तिवईवरील ८५ मिमी. दूरदर्शक खाडीवरच्या वाऱ्यात ६५ मिमी.च्या दूरदर्शकाइतकेही दाखवीत नाही. पायी हिंडणाऱ्यास ६५ मिमी. व भक्कम तिवई हाच मेळ पुरेसा होतो. कोकणातील पावसाळ्यात भिंगांवर आतून बुरशी धरते. त्यासाठी नायट्रोजन भरून बंद केलेली नळी निवडावी व उपकरण सिलिका जेलसह हवाबंद पेटीत ठेवावे.