पॅम्प्लोनाचा तोफगोळा आणि पंधरा मिनिटं

‘इमोशनल इंटेलिजन्स’चा सिद्धांत पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये मांडला, डॅनिअल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकानं तो घरोघरी पोचवला. जेझुइट कॉलेजांकडे मात्र त्याच्या जवळपास जाणारी एक जुनी रीत आहे.

१५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं जेझुइट या कॅथलिक संघाचा पुढे संस्थापक झालेल्या इग्नेशियस लोयोलाचा पाय मोडला. अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आलं, की दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवली की नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याची कल्पना केली की समाधान मागे उरतं. भावना दाबायची नाही, ती कुठे नेते ते पाहायचं! यातूनच पुढे ‘एक्झामेन’ आकाराला आलं. दिवसाअखेरी दहा-पंधरा मिनिटं शांत बसायचं. आधी कृतज्ञता, मग दिवसाची उजळणी: राग कधी आला, कुणाला टोचून बोललो, कशानं उभारी आली. शेवटी उद्याचा विचार. अमेरिकेतल्या जॉर्जटाउनसारख्या जेझुइट विद्यापीठांत इतर धर्मांची, किंवा कुठलाच धर्म न मानणारी मुलंही ते करतात.

आपल्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर्स या जेझुइट कॉलेजनं (स्थापना १८६९) समाजकार्याचा उपक्रम अभ्यासक्रमातच आणला. तासांची सक्ती आली की काही मुलं हजेरीपुरतीच जाणार, हे उघड आहे. म्हणूनच काम संपल्यावरची, एक्झामेनसारखी चर्चा महत्त्वाची. वस्तीतल्या मुलाला शिकवताना आपली चिडचिड का झाली, हे तिथं बोलता यायला हवं, आणि त्या बोलण्याला गुण नसावेत.