शाहूवाडी तालुक्यातील गवती छपराचे घर : रचना, साहित्य आणि श्रमव्यवस्था

प्रास्ताविक :
कोल्हापूर जिल्ह्याच्या वास्तुपरंपरेचा विचार करताना मंदिरे, किल्ले आणि वाडे यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. डोंगराळ भागातील सामान्य माणसाचे केंबळी, म्हणजे गवताने शाकारलेले घर मात्र बहुधा दुर्लक्षित राहिले. प्रस्तुत लेखात शाहूवाडी तालुक्याच्या संदर्भात या घराच्या रचनेचा व त्यामागील श्रमव्यवस्थेचा परामर्श घेतला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :
शाहूवाडी तालुक्याची पश्चिम सीमा सह्याद्रीच्या माथ्याला भिडते. आंबा घाट व विशाळगडाच्या परिसरात नैर्ऋत्य मोसमी पावसाचा जोर मोठा असतो. पूर्वेकडे मलकापूरच्या दिशेने तो कमी होत जातो. जांभ्याचे सडे, दाट जंगल आणि भातखाचरे असे या प्रदेशाचे स्वरूप आहे. येथील धनगरवाडे व वाड्यावस्त्यांवरील घरांना आकार दिला तो मुख्यतः पावसाने.

रचना :
दगडमातीच्या जोत्यावर लाकडी मेढी रोवून त्यांच्या बेचक्यांत आढे बसविले जाते. आढ्यावरून दोन्ही बाजूंना वासे उतरतात आणि त्यांवर बांबूच्या कामट्या आडव्या बांधल्या जातात. छपराचा भार मेढी पेलतात. भिंतींवर तो पडत नाही. म्हणूनच भिंत कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली असली तरी चालते. छपराचा उतार तीव्र ठेवावा लागतो. गवताची प्रत्येक काडी पाणी खालच्या काडीवर सोडते. उतार पुरेसा असल्यास वरचा थरच भिजतो व आतील थर कोरडा राहतो. वळचण खाली ओढलेली असल्याने पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. झडीच्या बाजूला गवताचे झाप लावून कुडाचे रक्षण केले जाते.

पशुपालक कुटुंबांत गुरांचा गोठाही त्याच छपराखाली असतो. त्यामुळे पावसाळ्यात जनावरांची देखभाल सोपी होते आणि त्यांची ऊब घरालाही मिळते. चुलीचा धूर बाहेर काढण्यासाठी धुराडे नसते. तो गवतातून झिरपतो, छपर कोरडे ठेवतो आणि किडीला अटकाव करतो. गवताच्या थरात कोंडलेली हवा उन्हाळ्यात उष्णता व हिवाळ्यात गारवा रोखते. आगीचा धोका ही या घराची सर्वांत मोठी उणीव होय.

शाकारणी व श्रम :
पावसाळ्यानंतर कापून वाळविलेले गवत साठवून ठेवायचे आणि पावसापूर्वी घर शाकारायचे, असा क्रम असतो. उतरविलेले कुजके गवत खतात जाते. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नसल्याने ते पैऱ्याने होते : आज एकाच्या घरी सर्वांनी राबायचे, उद्या त्याने इतरांकडे. छपराचे आयुष्य अशा रीतीने गवताइतकेच शेजाऱ्यांच्या हातांवर अवलंबून असते.

इंग्लंडमधील समांतर उदाहरण :
कादंबरीकार थॉमस हार्डी यांचे डॉर्सेटमधील जन्मघर १८०० मध्ये बांधले गेले. माती व पेंढा यांच्या मिश्रणाच्या भिंती आणि गवती छप्पर असलेले हे घर १९४८ पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. त्याच्या भिंती जाड व भारवाहक आहेत, तर शाहूवाडीतील कूड केवळ आडोसा आहे. इंग्लंडमध्ये जुन्या थरावर नवा थर चढविण्याचीही प्रथा असल्याने काही छपरांतील तळचे थर शतकानुशतके टिकले. शाकारणीचा व्यवसाय तेथे आजही चालतो. कारण कायद्याने अशा वास्तूंना वारसा मानले.

परिवर्तन :
आपल्याकडे जनगणनेच्या व घरकुल योजनांच्या परिभाषेत हेच घर ‘कच्चे’ ठरते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेचा (ग्रामीण) उद्देशच कच्च्या घरांच्या जागी पक्की घरे देण्याचा आहे. आग, गळती आणि दरवर्षीचे कष्ट यांपासून सुटका मागणाऱ्या कुटुंबाची ही अपेक्षा सर्वथा न्याय्य आहे. मात्र ‘कच्चे’ हा शब्द साहित्याचा टिकाऊपणा मोजतो. रचनेमागील शहाणपण मोजत नाही. पत्र्याच्या छपराखाली उन्हाचा ताप आणि पावसाचा आवाज दोन्ही वाढतात, हा अनुभव या संदर्भात बोलका आहे.

समारोप :
गवती घर दरवर्षी नव्याने उभे करण्याच्या ज्ञानातून टिकत होते. पैरा मोडला आणि शाकारणी जाणणारे हात थकले, की एखादे घर जपूनही ती परंपरा जपली जाणार नाही. म्हणून रहिवाशांना गवताखाली राहण्याचा आग्रह न धरता, उरलेल्या घरांची मोजमापे, बांधणीच्या पद्धती आणि त्यांची बोलीतील नावे यांची नोंद जाणकार हयात असतानाच होणे आवश्यक आहे. उतार, वळचण आणि हवेशीर छप्पर ही तत्त्वे नव्या घरकुलांच्या आराखड्यातही उपयोगी पडू शकतात.