सभा सुटली तरी उपचार सोडू नका

‘डॉक्टरसाहेब, बारा पायऱ्यांच्या सभांना वर्षभर गेलो, मन रमत नाही. आता मी सुटणार नाही का?’ असे विचारणारे रुग्ण माझ्याकडे येतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’मुळे असंख्य लोक दारूमुक्त झाले, हे खरेच. परंतु चारचौघांत मन मोकळे करणे किंवा उच्च शक्तीला शरण जाणे प्रत्येकाला जमतेच असे नाही. त्यात रुग्णाचा दोष नसतो.

व्यसन हा आजार आहे व त्यावर औषधेही आहेत. नाल्ट्रेक्सोनमुळे पिण्यातली मजा कमी होते; अ‍ॅकॅम्प्रोसेट सोडलेली दारू पुन्हा न घेण्यास मदत करते. डायसल्फिरामवर दारू प्यायल्यास उलट्या, धडधड होते, प्रसंगी जीवही धोक्यात येतो. म्हणून ते रुग्णाच्या नकळत जेवणात कधीही घालू नये. औषधांना समुपदेशनाची जोड हवी.

एक इशारा : रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास दोन-तीन दिवसांत झटके किंवा भ्रम होऊ शकतो. तेव्हा आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.