फॉरवर्ड करणाऱ्याची जबाबदारी

डिजिटल सुरक्षेचा विषय निघाला की आपण बहुतेक वेळा स्वतःला कसं वाचवायचं, एवढंच बोलतो. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. हे आवश्यकच आहे. पण आपल्या घराला कुलूप लावणारा प्रत्येक जण चांगला शेजारी असतोच असं नाही. मोबाइल हाती असलेला माणूस नागरिक म्हणून कसा आहे, हे तो काय पुढे पाठवतो यावरही ठरतं. या जबाबदारीचं वजन महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन अनुभवलं आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारहाण झाली. मुलं पळवणाऱ्या टोळ्या आल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत गल्लीत मुलं क्रिकेट खेळताना दिसतात. मोटरसायकलवरून दोघे येतात आणि एका लहानग्याला उचलून पसार होतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी केलेली होती. तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. नेमका तो शेवट कुणीतरी कापून टाकला. कापणारा एखादाच असेल. पसरवणारे असंख्य होते.

यावर कुणी म्हणेल, पसरवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना मुलांची काळजी होती. हे खरं आहे, आणि धोकाही तिथेच आहे. मेसेजमध्ये काय लिहिलंय यापेक्षा तो कुणी पाठवला, हे आपण आधी बघतो. मामांनी किंवा मास्तरांनी पाठवलं म्हणजे खरंच असणार, असं धरून चालतो. त्यामुळे खोट्या मजकुराला वजन मिळतं ते सज्जनांच्या नावामुळे.

दुसरा आक्षेप असा, की हे काम कंपनीचं आणि सरकारचं आहे. कंपनीची जबाबदारी आहेच. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. त्याच महिन्यात पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे अफवेपायीच दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. तांत्रिक मर्यादेने अफवेचा वेग कमी होतो, पण लोकांच्या मनातला संशय जात नाही. आणि कायदा फार कडक केला तर काय होतं, तेही याच पालघरने पाहिलं. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका साध्या मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली. त्या प्रकरणानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयापुढे आलं आणि २०१५ मध्ये ते रद्द झालं. आपण स्वतःहून संयम पाळला नाही, तर बाहेरून लादलेला संयम खऱ्या बोलण्याचाही गळा धरतो.

सामान्य माणसाने प्रत्येक गोष्ट कशी पडताळायची, हा प्रश्न रास्त आहे. पण न पाठवण्यासाठी कसलंच तंत्रज्ञान लागत नाही. मेसेजमध्ये तारीख, गाव, पोलीस ठाण्याचं नाव नसेल तर तो तिथेच थांबवावा. संशय खराच वाटला तर ग्रुपला नव्हे, ११२ ला कळवावं. आणि आपण पाठवलेलं खोटं निघालं, तर नुसतं डिलीट न करता त्याच ग्रुपवर तसं स्पष्ट लिहावं. स्वतःचं खातं सुरक्षित ठेवाच. पण आपल्या मोबाइलमधून निघालेल्या शब्दामुळे परगावच्या कुठल्याही अनोळखी माणसाचा जीव धोक्यात येणार नाही, एवढी काळजीही प्रत्येकाने घ्यायलाच हवी.