अनुकरण व निरीक्षणात्मक अध्ययन

दुसऱ्याचे वर्तन पाहून त्याप्रमाणे वागणे म्हणजे अनुकरण. इतरांची कृती व तिचे परिणाम पाहून, स्वतः ती कृती न करताही जे अध्ययन घडते, त्यास निरीक्षणात्मक अध्ययन म्हणतात. या दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. पाहिलेले वर्तन मनुष्य शिकतो. परंतु ते लगेच आचरणात आणतोच असे नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रीएल तार्द याने १८९० मध्ये अनुकरण हा समाजजीवनाचा पाया मानला. नील मिलर व जॉन डॉलर्ड यांनी १९४१ मध्ये अनुकरण हे बक्षिसामुळे दृढ होणारे अर्जित वर्तन होय, असे प्रतिपादन केले. ॲल्बर्ट बांडुरा (१९२५–२०२१) याने त्यापुढे जाऊन प्रत्यक्ष बक्षिसावाचूनही अध्ययन होते, हे दाखविले. १९६१ च्या त्याच्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुल्यास मारताना पाहिलेल्या मुलांनी पुढे तसेच प्रहार केले. १९६५ च्या प्रयोगात मारणाऱ्यास शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी अनुकरण कमी केले. मात्र बक्षीस देऊ केल्यावर त्यांनीही त्या कृती जवळजवळ तितक्याच करून दाखविल्या. शिक्षेच्या दर्शनाने कृती आवरली गेली होती, अध्ययन नव्हे.

बांडुराच्या मते या अध्ययनात अवधान, धारणा, पुनर्निर्मिती व प्रेरणा या चार प्रक्रिया असतात. कोल्हापूरच्या कुस्तीपरंपरेत त्या स्पष्ट दिसतात. तालमीत नवा मुलगा आखाड्याच्या कडेला बसून थोरल्या मल्लांची खडाखडी पाहतो, तेव्हा पायाची ठेवण व पकड यांकडे त्याचे अवधान जाते. डावाला नाव असल्याने त्याची धारणा सुलभ होते. ‘धोबीपछाड’ म्हणताच धोब्याने पाटावर कपडा आपटावा तशी आकृती मनात उभी राहते. तथापि पाहिलेला डाव अंगात उतरण्यास जोर-बैठकांनी कमावलेले शरीर, पुन:पुन्हा सराव व वस्तादाने दाखविलेल्या चुका यांची गरज असते. केवळ पाहण्याने कोणी मल्ल होत नाही. शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानाची रचना खोलगट असल्याने चहूबाजूंच्या प्रेक्षकांना लढत दिसते. तेथे विजेत्याचा होणारा जयघोष पाहणाऱ्या मुलांनाही प्रेरणा देतो. यास परोक्ष प्रबलन म्हणतात.

याच नगरीतील चित्रपटव्यवसायाचा आरंभही अशाच अध्ययनातून झाला. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी चित्रपटकलेचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. पाहिलेले चित्रपट व यंत्रे यांचा अभ्यास करून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह चित्रीकरणाचे यंत्र तयार केले आणि सैरंध्री (१९२०) हा मूकपट काढला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर काम करता करता शिकले. १९२९ मध्ये त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. तिचे चित्रपट गुरूच्या चित्रपटांची नक्कल नव्हते. पाहून घेतलेले कौशल्य नव्या हेतूसाठी वापरता येते, हे यावरून दिसते.

ही प्रक्रिया चांगले व वाईट यांत निवड करीत नाही. आखाड्याच्या कडेला बसलेला मुलगा डाव शिकतो, तसाच पराभूताशी विजेता कसा वागतो, हेही शिकतो. उपदेश व आचरण यांत विसंगती असल्यास मुले बहुधा उपदेशाचे शब्द उच्चारतात आणि आचरण मात्र पाहिलेल्याप्रमाणे करतात. तसेच वाईट वर्तनास शिक्षा झालेली दाखविल्याने ते विसरले जात नाही; अनुकूल प्रसंग येताच ते प्रकट होऊ शकते. म्हणून पालक, शिक्षक व वस्ताद यांचे स्वतःचे वर्तन हेच शिक्षणाचे प्रभावी साधन ठरते.