सरकारच्या स्वाधीन असलेले मूल हरवते तेव्हा

दिवेलागणीची वेळ टळून गेली आणि मूल घरी परतले नाही, की आई दारात येऊन उभी राहते. प्रथम शेजारी चौकशी होते, मग मित्रांच्या घरी निरोप जातात, आणि रात्र पडण्यापूर्वी सारी आळी शोधास लागते. या धावपळीसाठी कोणी नियम केलेला नसतो. परंतु ज्याचे आईबाप वारले आहेत, अथवा ज्याचा सांभाळ त्याच्या घरी सुरक्षितपणे होणार नाही असे पाहून न्यायालयाने ज्याला सरकारच्या स्वाधीन केले आहे, असे मूल परतले नाही तर दारात कोणी उभे राहावयाचे? आईच्या काळजीचे काम सरकारी खात्याला कितपत करता येते, हा प्रश्न यातून उभा राहतो. अमेरिकेने त्याला कायद्याने काही उत्तर देण्याचा यत्न केला आहे. त्यातील यश आणि अपयश ही दोन्ही बोधप्रद आहेत.

अमेरिकेत अशी मुले शक्यतो मोठ्या अनाथगृहात ठेवीत नाहीत. पारखून घेतलेल्या एखाद्या कुटुंबाकडे ती सोपविली जातात. या व्यवस्थेला तेथे 'फॉस्टर केअर' म्हणतात. आपण त्या कुटुंबाला प्रतिपालक कुटुंब म्हणू. २०२३ साली तेथील सुमारे ३ लाख ४३ हजार मुले या व्यवस्थेत होती. प्रतिपालक मुलाला जेवू घालतात, शाळेत धाडतात, आजारपणात त्याची उस्तवार करतात. पण मुलाची कायदेशीर जबाबदारी राज्याच्या बालकल्याण खात्याकडेच राहते. खात्याच्या वतीने ती एका समाजसेविकेकडे सोपविलेली असते. तिने सामान्यतः दरमहा मुलाला समक्ष भेटावे, अशी अपेक्षा असते.

ही भेट वरवर क्षुल्लक दिसते. तिचे मोल २००२ साली फ्लोरिडा राज्यात फार दुःखद रीतीने कळून आले. खात्याच्या ताब्यातील एक लहान मुलगी सुमारे पंधरा महिने कोणाच्याही दृष्टीस पडलेली नव्हती, आणि खात्याला त्याची गंधवार्ताही नव्हती. जिच्याकडे मुलीचे प्रकरण होते, ती कर्मचारी न भेटताच भेटीचे अहवाल लिहीत होती. कागदावर मुलगी सुखरूप होती. मूल हरवले आहे हे कळण्यासाठी ते काल होते हे कोणी तरी डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते. यास्तव शोधाचे पहिले पाऊल मूल हरवण्यापूर्वीच पडलेले असावे लागते: दरमहाची खरी भेट, फायलीत अलीकडचे छायाचित्र, अंगावरील खुणा, चालू असलेले औषध, मुलाच्या मित्रांची आणि नातलगांची नावे, ही सारी त्या शोधाचीच पूर्वतयारी होय.

नाहीशी होणारी बहुतेक मुले मात्र कोणी पळवून नेलेली नसतात. ती किशोरवयीन असतात आणि आपल्या पायांनी निघून जातात. कोणी आईला भेटावयास जाते. घर कसेही असले तरी आई ती आईच असते. कोणाची बहीण दुसऱ्या गावच्या दुसऱ्या कुटुंबात ठेवलेली असते, तिची ओढ त्याला लागते. कोणाला नवी शाळा, नवे घर, नवी शिस्त जड जाते. आणि कोणी त्या घरातील जाचाला कंटाळून बाहेर पडते. अशा मुलाला 'पळपुटे' म्हणून मोकळे होणे सोपे असते. तो शब्द एकदा फायलीत उमटला, की मूल संकटात आहे ही जाणीव मागे पडते आणि ते खोडकर आहे ही समजूत पुढे येते. मग शोधही मंदावतो.

वस्तुतः स्वतःहून निघालेल्या मुलाचा धोका कमी नसतो. खिशात पैसा नाही, रात्री निजावयास जागा नाही, अशा स्थितीत जो कोणी जेवण आणि छप्पर देऊ करील त्याच्यावर ते विश्वास टाकते. मुलांचा देहव्यापार करणारी माणसे नेमक्या अशाच मुलांच्या शोधात असतात. हे ध्यानी घेऊन २०१४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने एक कायदा केला. त्यानुसार मूल नाहीसे झाल्याचे कळताच विलंब न लावता, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, खात्याने पोलिसांना आणि हरवलेल्या मुलांसाठी १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्राला वर्दी दिली पाहिजे. पोलिसांनीही 'उद्यापर्यंत वाट पाहू' असे म्हणावयाचे नाही. तशी वाट पाहण्याची प्रथा १९९० च्या कायद्याने निषिद्ध ठरविली, आणि वर्दी मिळाल्यापासून दोन तासांच्या आत मुलाची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी, असे बंधन २००६ च्या कायद्याने घातले.

त्या पहिल्या तासांत समाजसेविकेचे काम बरेचसे आईच्या कामासारखेच असते. प्रतिपालकांना ती विचारते: मूल शेवटचे कोणाला दिसले, अंगावर कोणते कपडे होते, कपड्यांची पिशवी नेली आहे काय, औषध बरोबर आहे की मागे राहिले, आदल्या दिवशी काही बोलाचाली झाली होती काय? मग ती मुलाच्या मूळ घरी, भावंडांकडे, शाळेत आणि मित्रांकडे चौकशी करते. औषध मागे राहिले असेल आणि मूल मधुमेही असेल, तर तेवढ्या एका गोष्टीने शोधाची निकड दुणावते. न्यायालयाला आणि मुलाच्या वकिलालाही कळवावे लागते. दिवस उलटत गेले तरी ही चौकशी चालूच ठेवावयाची असते. आईची शोधमोहीम जशी पोलिसांत तक्रार नोंदवून संपत नाही, तशी हीदेखील संपता कामा नये.

नियम झाला म्हणजे तो पाळला जातो असे मात्र नाही. संघीय सरकारच्या महानिरीक्षकांनी या वर्द्यांची तपासणी करून २०२३ साली अहवाल दिला. तपासणीखालच्या काळात राष्ट्रीय केंद्राला द्यावयाच्या वर्द्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक एक तर दिल्याच गेल्या नव्हत्या, किंवा मुदतीत दिल्या गेल्या नव्हत्या. आईला मुदतीची आठवण करून द्यावी लागत नाही; खात्याला ती द्यावी लागते, आणि ती दिली जाते की नाही हे पाहणाराही कोणी असावा लागतो.

समजा, मूल सापडले. पोलिसांच्या दृष्टीने प्रकरण मिटते. समाजसेविकेच्या दृष्टीने अर्धे काम तेथून पुढे सुरू होते. २०१४ च्या त्या कायद्याने तिच्यावर तीन कर्तव्ये आणखी सोपविली आहेत. मूल का गेले हे शोधून काढणे, ते कारण शक्य तितके दूर करणे, आणि बाहेर असताना मुलावर काय प्रसंग ओढवला, कोणी त्याचा गैरफायदा घेतला काय, हे जाणून घेणे. इंग्लंडमध्ये २०१४ च्याच सरकारी मार्गदर्शिकेने या संभाषणाला मुदत घालून दिली. मूल परतल्यापासून ७२ तासांच्या आत त्याच्याशी बोलावे, आणि शक्यतो बोलणारी व्यक्ती त्याच्या दैनंदिन सांभाळाशी संबंध नसलेली असावी. यामागील विचार उघड आहे. ज्या घराविषयी तक्रार आहे, त्या घरच्या माणसासमोर मूल तोंड उघडत नाही.

न विचारल्याने काय होते, याचा दाखला इंग्लंडमध्येच रॉदरहॅम नावाच्या गावी मिळाला. १९९७ ते २०१३ या काळात तेथे किमान १,४०० मुलांचे लैंगिक शोषण झाले, असा अंदाज २०१४ साली चौकशी अहवालाने वर्तविला. त्यांतील अनेक मुली वारंवार घरांतून आणि बालगृहांतून नाहीशा होत आणि परत येत. त्यांचे जाणे हीच त्यांच्या संकटाची खूण होती. पण अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांना त्यांत केवळ वाह्यातपणा दिसला.

परतलेल्या मुलाला लगेच दुसऱ्या घरी हलविणे ही खात्याची आणखी एक सवय. कधी मधल्या काळात त्याच्या खाटेवर दुसरे मूल आलेले असते, कधी प्रतिपालकच त्याला परत घेण्यास तयार नसतात. मुलाच्या मनात मात्र एवढेच उरते, की आपण गेलो आणि आपली जागा भरून निघाली. बहिणीच्या ओढीने गेलेल्या मुलाला तिच्या भेटीचा ठरलेला वार मिळाला, तर पुढचे पळणे पुष्कळदा टळते. कुलपे वाढवून ते टळत नाही.

आपल्या देशात अशी बहुतेक मुले आजही कुटुंबांत नसून बालगृहांत असतात. तथापि २०१५ च्या बालन्याय कायद्याने प्रतिपालक कुटुंबाची सोयही मान्य केली आहे, आणि हरवलेले वा पळून गेलेले मूल हे काळजी व संरक्षण यांची गरज असलेले मूल होय, असे त्याच कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. असे मूल आढळल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. त्यापूर्वी १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता, की हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, आणि ते पळविले गेले असावे असे गृहीत धरूनच तपासाला आरंभ करावा. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक १९९६ साली मुंबईतच सुरू झाला, आणि आज तो देशभर चालतो. आधार देण्याची साधने, म्हणजे, आपल्याकडेही आहेत.

परंतु कायदा फक्त मुदत ठरवू शकतो. मुलाचे छायाचित्र दोन वर्षांचे जुने आहे की गेल्या महिन्याचे, भेटीचा अहवाल भेटीनंतर लिहिला आहे की भेटीवाचून, आणि परतलेल्या मुलाला प्रथम दरडावले की जेवू घालून मग विचारले, हे त्या जागेवरच्या माणसावर अवलंबून असते. सरकारच्या स्वाधीन असलेल्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसणारे तेवढे एकच माणूस असण्याचा संभव असतो. त्याच्या हाती किती मुले सोपवावीत, याचा निर्णय मात्र वरच्या कचेरीत होतो. एका माणसाला जितक्या मुलांची खरोखर वाट पाहता येईल, त्याहून अधिक मुले त्याच्याकडे सोपविली, तर त्यांतले कोणते तरी मूल केव्हा नाहीसे झाले हे कोणालाच सांगता येणार नाही.